नाशिकला समुद्र नाही, मग खाडीच्या रिसर्चमध्ये करिअर होईल का?

निफाड तालुक्यातली एक मुलगी आहे, नाशिकला बीएस्सी बॉटनीच्या दुसऱ्या वर्षाला. तिला कांदळवनं (खाडीकाठची मॅन्ग्रोव्हची जंगलं) आणि क्लायमेट चेंजवर रिसर्च करायचाय. घरचे म्हणतात समुद्र इथून कुठल्या कुठे, आपली द्राक्षबाग आहे, ॲग्री कर नाहीतर बीएड करून टाक. तिचे प्रश्न असे आहेत की नाशिकची पोरगी या फिल्डमध्ये टिकेल का, गणित किती लागतं, पोट भरतं का, आणि आत्तापासून काय सुरू करायचं. मी नाशिकरोडची, गेली वीसेक वर्षं खाडीतल्या गाळावर काम करतेय, जास्त करून कोकणात आणि थोडं गोदावरीच्या मुखाकडे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, लांब झालं तरी वाच.

आधी "समुद्र लांब आहे" हेच बघू, कारण माझ्या मते सगळी गोम तिथे आहे. त्र्यंबकच्या डोंगरात पाऊस पडतो त्यातलं एका बाजूचं पाणी गोदावरीत उतरतं आणि १,४६५ किलोमीटर जाऊन आंध्रमध्ये बंगालच्या उपसागराला मिळतं, तिथे काकीनाड्याजवळ कोरिंगाचं मोठं कांदळवन आहे. त्याच रांगेतून वैतरणा निघते, ती पश्चिमेला वळते आणि अर्नाळ्याजवळ अरबी समुद्राला मिळते, तिच्या खाडीला दोन्ही काठांनी तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं आहेत. दिंडोरी-पेठकडचं काही पाणी दमणगंगेतून दमणला जातं. म्हणजे दोन्ही समुद्रांच्या किनाऱ्यांना आपल्या जिल्ह्यातून नुसतं पाणी नाही, माती जाते, आणि किनाऱ्यावरची पाणथळ जमीन उभी राहते ती मातीवरच.

हे बोलण्यापुरतं नाहीये बरं का. गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळातून गाळाचे जे लांब कोअर (नळीने काढलेले उभे नमुने) काढलेत त्यात दख्खनच्या बेसॉल्टची माती ओळखू येते, आणि गेल्या तीन-चार हजार वर्षांत पाऊसमान कमी होत गेलं आणि शेती पसरत गेली तशी वरून येणारी माती वाढलेली दिसते. मग धरणं आली. गंगापूर, नांदूर मधमेश्वर, जायकवाडी, पुढे तेलंगण-आंध्रातली. सत्तरच्या दशकात समुद्रापर्यंत जेवढा गाळ पोचायचा त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी नव्वदच्या दशकात पोचत होता, आणि त्या काळात त्रिभुज प्रदेशाचा समोरचा काठ ठिकठिकाणी खचत गेला. त्रिभुज प्रदेशातली जमीन स्वतःच्या वजनाने कायम थोडीथोडी दबत असते, वरून नवा गाळ येत राहिला तरच ती पाण्याच्या वर राहते. एकीकडे गाळ आटला आणि दुसरीकडे समुद्र चढतोय, मग कांदळवनाने उभं राहायचं कशावर?

आता तुझं घर निफाडला. नांदूर मधमेश्वरचा बंधारा गोदावरी-कादवाच्या संगमावर आहे, त्याच्या मागे गाळ साचत साचत बेटं झाली, दलदल झाली, पक्षी आले, १९८६ ला अभयारण्य झालं आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर साइट (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून त्याची नोंद झाली. जो गाळ तिथे बदकांना आणि करकोच्यांना जागा देतोय तो खाली किनाऱ्याकडे जाणारा गाळच आहे, वाटेत थांबलेला. मुंबईत किंवा चेन्नईत वाढलेल्या विद्यार्थ्याला हे पुस्तकातून शिकावं लागतं, तुझ्या ते सायकलच्या अंतरावर आहे. त्यामुळे "मी नाशिकची, मला जमेल का" असं विचारत बसू नकोस. कोल्हापूरला तरी कुठे समुद्र आहे? महाराष्ट्राच्या कांदळवनांवरचं किती तरी मूलभूत काम शिवाजी विद्यापीठातून, प्रा. एल. जे. भोसले यांच्या बॉटनीच्या लॅबमधून झालेलं आहे.

आता या कामात प्रत्यक्षात करायचं काय असतं ते सांगते, कारण बहुतेक मुलांच्या डोक्यात बोट, दुर्बीण आणि फ्लेमिंगो असतात. फ्लेमिंगो दिसतात, पण तू बघत असतेस चिखलाकडे.

ओहोटीची वेळ काढून उतरायचं. कोकणात उधाण आणि भांग हे दोन शब्द आधी पाठ होतात, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांगाची म्हणजे छोटी, आणि फिल्डचं सगळं टाइमटेबल त्यावर चालतं, रविवार-सोमवार कोणी विचारत नाही. आमचं मुख्य हत्यार म्हणजे गाऊज ऑगर, स्टीलची अर्धगोल उभी नळी, वर आडवी मूठ. ती सरळ खाली दाबायची, पूर्ण गेली की एकदा गोल फिरवायची आणि न हलवता वर खेचायची, खेचताना दोन माणसं लागतात कारण चिखल सोडत नाही. वर आली की नळीत गाळाचा अख्खा उभा काप असतो, शेवग्याची शेंग उभी चिरावी तसा. वरचे काही सेंटिमीटर तपकिरी, तिथवर ऑक्सिजन पोचलेला असतो. त्याखाली एकदम करडा-काळा आणि नाकात सडक्या अंड्याचा वास जातो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. मधेमधे तिवराच्या मुळांचे लालसर धागे, कुठे शिंपल्यांचा थर, कुठे वाळूची एक पट्टी, ती बहुतेक एखाद्या मोठ्या पुराची किंवा वादळाची खूण असते. मग सुरीने ठरलेल्या अंतराने काप घ्यायचे, प्रत्येक पिशवीवर आणि आत टाकायच्या चिठ्ठीवर पेन्सिलने नंबर घालायचा (शाई ओली झाली की पसरते), आणि पाणी परत चढायच्या आत बाहेर पडायचं. लॅबमध्ये ६० डिग्रीला वाळवायचं, वजन करायचं, दळायचं, कार्बन मोजायचा. मशीन असेल तर सीएचएन ॲनालायझरवर, नसेल तर भट्टीत ५५० डिग्रीला जाळून किती वजन घटलं त्यावरून अंदाज काढतात. हे पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षं, शक्यतो त्याच जागी. ज्याला हे कंटाळवाणं वाटतं त्याने या फिल्डमध्ये येऊ नये असं मी स्पष्ट सांगते, मला स्वतःला नळी वर येतानाचा तो क्षण आजही तितकाच आवडतो.

गाळाचं वय कसं काढतात हेही सांगून ठेवते, इंटरव्ह्यूला हमखास विचारतात. शिसं-२१० नावाचं किरणोत्सारी शिसं हवेतून सतत जमिनीवर पडत असतं, त्याचं हाफ लाइफ साधारण २२ वर्षं, म्हणजे खाली खाली जाताना ते किती कमी होत गेलं त्यावरून गेल्या शंभरेक वर्षांतला गाळ कोणत्या वेगाने साचला ते कळतं. जोडीला सीझियम-१३७ बघतात, अणुचाचण्यांमुळे त्याचं शिखर १९६३ च्या आसपासच्या थरात येतं, तो एक पक्का टप्पा मिळतो. शिशावरून काढलेलं वय त्या टप्प्याशी जुळलं की जीव भांड्यात पडतो.

आता कार्बन, कारण आजकाल सगळी मुलं "ब्लू कार्बन, ब्लू कार्बन" करत येतात, म्हणजे किनाऱ्यावरच्या पाणथळीत आणि समुद्रात साठणारा कार्बन. २०११ मध्ये इंडो-पॅसिफिकच्या कांदळवनांचा एक गाजलेला अभ्यास आला, त्यात हेक्टरी सरासरी १,०२३ टन कार्बन निघाला आणि त्यातला मोठा हिस्सा झाडात नसून खालच्या गाळात होता. हा आकडा सगळे फेकतात. पण हा साठा आहे, शेकडो-हजारो वर्षांचा साचलेला. दरवर्षी नवीन किती भर पडते तर हेक्टरी दीड-दोन टनाच्या आसपास, जागेप्रमाणे खूप कमी-जास्त. ज्याला साठा आणि वार्षिक भर यातला फरक कळत नाही तो रिपोर्टमध्ये वाट्टेल ते लिहितो आणि मग कुठल्यातरी कंपनीच्या जाहिरातीत एक हेक्टर तिवर लावलं की हजार टन कार्बन शोषला असं छापून येतं. खरं महत्त्व उलट बाजूने आहे. जुनं कांदळवन तोडलं, भराव घातला किंवा कोरडं केलं की त्या गाळात हवा शिरते आणि शतकांचा साठा सडून वर जायला लागतो, तो नवीन रोपं लावून तुझ्या-माझ्या आयुष्यात भरून निघत नाही. म्हणून आहे ते वाचवणं आधी, लावणं नंतर.

इथे परत नांदूर मधमेश्वर कामाला येतं बघ. दोन्हीकडचा चिखल काळा, दोन्हीकडे ऑक्सिजन नाही, पण खाडीच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं. चिखलातले जिवाणू ते सल्फेट वापरून कुजण्याचं काम करतात आणि मिथेन बनवणाऱ्यांना फारसा वाव मिळत नाही, म्हणून खारट पाणथळीतून मिथेन कमी निघतो आणि तो सडक्या अंड्याचा वास मात्र येतो. गोड्या पाण्यात सल्फेट थोडं, तिथे काठी खुपसली की बुडबुडे येतात त्यात मिथेन असतो. मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी जास्त उष्णता अडवतो, म्हणजे पाणथळ जागा क्लायमेटला मदत करते की नाही याचं उत्तर तिच्या पाण्यात मीठ किती यावरही ठरतं. बॉटनी आणि केमिस्ट्री अशी एकमेकांत घुसलेली असते, तू केमिस्ट्री सोडू नकोस.

समुद्राचं काय? आयपीसीसी या हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या सहाव्या अहवालाप्रमाणे १९०१ ते २०१८ मध्ये जगाची समुद्रपातळी सरासरी २० सेंटिमीटर चढली, आणि वेग वाढतोय, १९७१ पर्यंत वर्षाला १.३ मिलिमीटर होता तो २००६ ते २०१८ मध्ये ३.७ वर गेला. आपल्याकडे मुंबईला अपोलो बंदरवर १८७८ पासूनची भरतीमापनाची नोंद आहे, आशियातल्या सगळ्यात जुन्या नोंदींपैकी एक. कोणीतरी रोज, पिढ्यानपिढ्या आकडे लिहून ठेवले म्हणून आज आपण चढ किती ते छातीठोकपणे सांगू शकतो, मला या फिल्डमधलं सगळ्यात आदराचं काम हेच वाटतं.

कांदळवन मुकाट्याने बुडत नाही, ते स्वतःची जमीन वर उचलतं. मुळं वाढतात, गाळ अडतो, पालापाचोळा साचतो. प्रश्न वेगाचा आहे. २०२० मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात गेल्या हजारो वर्षांच्या नोंदी बघून असं निघालं की समुद्र वर्षाला साधारण ६ मिलिमीटरच्या वर चढायला लागला की कांदळवनाला बहुधा तो वेग गाठता येत नाही. हे प्रत्येक खाडीत मोजायचं कसं, तर लोखंडी दांडा जाईल तितका खोल ठोकतात, त्यावर एक आडवा हात बसवतात, त्यातून बारीक सळया गाळाच्या पृष्ठभागावर टेकवतात आणि दर काही महिन्यांनी मिलिमीटरमध्ये वाचतात. त्याला आरसेट म्हणतात. बाजूला पांढरी फेल्डस्पारची पावडर पसरून ठेवतात, वर्षभराने तिथे छोटा चौकोन कापला की पांढऱ्या रेघेवर किती नवा गाळ बसला ते डोळ्यांना दिसतं. दोन्हींचा मेळ घातला की कळतं गाळ वरून साचला किती आणि खालून दबला किती. अशा नोंदीला अर्थ यायला पाच-दहा वर्षं जातात, प्रोजेक्ट मात्र बहुतेक तीन वर्षांचा मंजूर होतो, आणि ही आमच्या कामातली सगळ्यात मोठी अडचण आहे. प्रोजेक्ट संपला तरी दांडा तिथेच असतो, नोंद घ्यायला जाणारं माणूस नसतं. तू पुढे गाइड निवडशील तेव्हा हे विचार की तुमच्याकडे किती वर्षांचा डेटा आहे आणि तो कोण सांभाळतं, किती पेपर आले हे नंतर विचार.

आता जे पुस्तकात मिळणार नाही ते. रायगडकडे, अलिबाग-पेणच्या खारेपाटात, खाडीलगतची भातशेती बांध घालून समुद्रापासून राखलेली आहे, बाहेरचा बांध म्हणजे बाहेरकाठा, आणि पावसाचं पाणी बाहेर सोडायला उघाड्या. पूर्वी गावकरी मिळून बांध राखायचे, ते कमी होत गेलं, लोक कामाला बाहेर पडले. मग मोठं उधाण आलं की बांधाला खांड जाते म्हणजे भगदाड पडतं, खारं पाणी शेतात शिरतं, एक-दोन हंगाम भात होत नाही आणि तोवर तिवराच्या बिया आत येऊन रुजतात. काही वर्षांत तिथे कांदळवन. सॅटेलाइटवर बघशील तर हिरवा रंग वाढलेला दिसतो, रिपोर्टमध्ये "कव्हर वाढलं" म्हणून आनंद. आणि त्या शेतकऱ्याचं शेत गेलेलं असतं, वर तिवर उगवलं की कायद्याने तोडता येत नाही, २००५ च्या आणि मग २०१८ च्या हायकोर्टाच्या आदेशांनंतर तर नाहीच. ते आदेश नसते तर मुंबई-ठाण्याची कांदळवनं आज शिल्लक नसती, त्यामुळे मी त्या संरक्षणाच्या पूर्ण बाजूने आहे. पण शेतकऱ्याचं दुःख खोटं नाही. समुद्र चढला की कांदळवन आत सरकणार हे आपण मॉडेलमध्ये सहज लिहितो, आत म्हणजे कोणाच्या तरी सातबाऱ्यावर. तू शेतकऱ्याच्या घरातली आहेस, अवकाळीने बाग गेली की घरात काय होतं ते तुला माहीत आहे, या प्रश्नावर तुझ्यासारख्या माणसांची जितकी गरज आहे तितकी आणखी एका मॅपची नाही.

तसंच लागवडीचं. २०२३ च्या बजेटमध्ये कांदळवन लागवडीची मिष्टी योजना आली, पैसे आले, चांगलं आहे. पण जिथे कधीच कांदळवन नव्हतं अशा उघड्या चिखलावर एकाच जातीची हजारो रोपं रांगेत खोचायची आणि फोटो काढायचा याला मी पुनर्स्थापना म्हणत नाही. उघडा चिखल रिकामा नसतो, त्यात किडे, शिंपले, निवट्या असतात, किनाऱ्यावरचे स्थलांतरित पक्षी त्यावरच जगतात, ठाणे खाडीत फ्लेमिंगो येतात ते चिखलासाठी. बऱ्याच जागी झाडं मेलेली असतात कारण पाण्याची ये-जा बंद झालेली असते, कोणीतरी रस्ता टाकलेला असतो, मोरी बुजलेली असते. तमिळनाडूत पिचावरमला स्वामिनाथन फाउंडेशनने माशाच्या काट्याच्या आकाराचे चर खणून भरतीचं पाणी आत खेळवलं आणि रोपं धरली, ती पद्धत मग गोदावरी-कृष्णेच्या मुखाकडेही वापरली गेली. आधी पाणी बघायचं, कुठली जात कुठल्या उंचीला येते ते बघायचं, पुढे तिवर-चिप्पी, आत काजळा, मारांडी, मग रोपांचं बोलायचं.

बरं, आता तुझे व्यवहाराचे प्रश्न.

गणित: बारावीचं कॅल्क्युलस विसरली असशील तर चालेल, स्टॅटिस्टिक्स मात्र पक्कं हवं. पाच ठिकाणचे कोअर, प्रत्येकी दहा काप, म्हणजे पन्नास वेगळे नमुने होत नाहीत, एकाच कोअरचे काप एकमेकांशी बांधलेले असतात, हे ज्याला समजलं त्याचं अर्धं काम झालं. आर हे स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर शिक, फुकट आहे. नकाशांसाठी क्यूजीआयएस शिक, तेही फुकट. गूगल अर्थ इंजिनवर लँडसॅट उपग्रहांचे ऐंशीच्या दशकापासूनचे फोटो आणि २०१५ पासून सेंटिनेल-२ चे १० मीटर बारकाईचे फोटो घरबसल्या वापरता येतात. चांगला लॅपटॉप नसला तरी ब्राउझरवर चालतं, कॉलेजच्या लॅबमधून कर.

शिक्षण: एमएस्सी बॉटनी, एन्व्हायर्नमेंटल सायन्स, मरीन सायन्स, जिऑलॉजी, यातलं काहीही चालतं. गोवा विद्यापीठ, कोचीचं कुसॅट विद्यापीठ, अण्णामलाईचं परंगीपेट्टै इथलं मरीन बायोलॉजी केंद्र, पाँडिचेरी विद्यापीठाचं पोर्ट ब्लेअर कॅम्पस, हे किनाऱ्यावर आहेत, घरच्यांनी सोडलं तर तिकडे जा. नाही सोडलं तर पुण्यात एमएस्सी कर आणि डेझर्टेशन किनाऱ्यावरचं घे, बिघडत नाही. मग नेट-जेआरएफ (पीएचडीच्या फेलोशिपची परीक्षा) किंवा गेट. गेटमध्ये इकॉलॉजीचा वेगळा पेपर आहे, एन्व्हायर्नमेंटल सायन्सचाही आहे. पीएचडीला गोव्याचं एनआयओ (समुद्रविज्ञान संस्था), चेन्नईचं एनसीसीआर (किनारा संशोधन केंद्र), डेहराडूनचं डब्ल्यूआयआय (वन्यजीव संस्था), आयसर या विज्ञान संस्था, आणि विद्यापीठांमधले चांगले गाइड.

पैसे: घरी हे मोकळेपणाने सांग, लपवू नकोस. जेआरएफ २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं, पुढच्या टप्प्याच्या एसआरएफला ४२,०००. पीएचडीला पाच वर्षं धर, सहाही लागतात. त्यानंतर कायम नोकरी लगेच मिळत नाही, पोस्टडॉक किंवा प्रोजेक्टवर कंत्राटी काम काही वर्षं करावं लागतं, फेलोशिप उशिरा जमा होणं तर नेहमीचंच, तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लाव. कायम जागा थोड्या आहेत. पण वन विभागाचा कांदळवन कक्ष २०१२ मध्ये झाला, त्यांच्या फाउंडेशनमध्ये प्रोजेक्टची कामं निघतात, बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) सारख्या संस्था आहेत, पर्यावरण मंजुरीचे अभ्यास करणाऱ्या कन्सल्टन्सी आहेत, कार्बन प्रोजेक्टवालेही आता माणसं शोधतात. कन्सल्टन्सीत पैसा बरा असतो. फक्त तिथे रिपोर्टचा निष्कर्ष आधी ठरवून मग डेटा मागितला जात असेल तर त्या दिवशी उठून यायची तयारी ठेव, कारण एकदा खोट्यावर सही झाली की या छोट्या फिल्डमध्ये ते कायम चिकटतं.

मुलगी म्हणून: फिल्डवर एकटी कधीच उतरायचं नाही, हे मुलांनाही लागू आहे. घट्ट लेसचे जुने कॅनव्हास बूट घाल, गमबूट चिखलात अडकून पायातून निघतात आणि कालवांच्या धारेने पाय उभा चिरतो, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ठेव. पाळी, टॉयलेट, कपडे बदलायची जागा, हे विषय टीम लीडरशी आधीच बोलायचे, लाजायचं नाही, चांगला गाइड स्वतःहून विचारतो. आणि खाडीतल्या कोळी बायकांना गाठ. कालवं-चिंबोऱ्या काढायला त्या रोज उतरतात, कुठे चिखल धरतो, कुठे माणूस कमरेपर्यंत जातो, कुठली खाडी गेल्या काही वर्षांत उथळ झाली, हे त्या पाण्याकडे बघून सांगतात. त्यांच्या दिवसाची मजुरी द्यायची आणि पेपरमध्ये आभार मानताना नाव विचारून लिहायचं.

आत्तापासून काय करायचं तर या हिवाळ्यात नांदूर मधमेश्वर पकड. सेंटिनेल-२ वरून जलाशयात उघडं पाणी किती, जलपर्णी किती, उघडा गाळ किती हे महिन्यामहिन्याने काढ, आणि दर महिन्याला एका ठरलेल्या दिवशी चापडगावच्या मनोऱ्यावर जाऊन त्याच त्याच जागांवरून फोटो आणि नोंद घे, सॅटेलाइट हिरवं दाखवतंय ते पाणवेल आहे की काठचं गवत आहे की लव्हाळा, ते प्रत्यक्ष बघून लिही. धरणातून पाणी सोडलं की चित्र आठवड्यात पालटतं, ते पकडता आलं तर तिसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट तिथेच उभा राहतो. अभयारण्य आहे, त्यामुळे माती-पाण्याचा एक चमचाही लेखी परवानगीशिवाय उचलायचा नाही, कॉलेजच्या लेटरहेडवर वन्यजीव विभागाला अर्ज कर, उत्तराला वेळ लागतो म्हणून पावसाळ्यातच टाकायला हवा होता, आता लगेच टाक. एखाद्या सुट्टीत ऐरोलीचं कांदळवन कक्षाचं केंद्र बघून ये, तिथून ठाणे खाडीची बोट निघते, जाताना भरती-ओहोटीची वेळ बघून जा आणि ओहोटीला चिखल कसा उघडा पडतो ते नीट बघ. वडिलांनाही घेऊन जा, माती दाखवली की शेतकऱ्याला जास्त समजावून सांगावं लागत नाही.

आणि सीयूईटी पीजी या एमएस्सी प्रवेशाच्या देशपातळीवरच्या परीक्षेचे फॉर्म आदल्या हिवाळ्यातच निघतात, गोवा आणि कुसॅटच्या प्रवेश परीक्षा वेगळ्या असतात. तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर त्यांच्या वेबसाइट दर आठवड्याला बघत जा, कॉलेजच्या नोटीस बोर्डावर ते लागेल याची वाट बघू नकोस.